गाडीत कुणीच नव्हतं, मामा

मामा, तुमची फाइल उघडत नाही.

तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, दादाही पुण्याला परतला. मी अजून अकोल्यातच आहे. तुमच्या समोरच्या खोलीत, तुमच्या खुर्चीवर. टेबलाला आवळलेलं तुमचं ते स्टिअरिंग काढायचा धीर झाला नाही, म्हणून कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेय. मामी दर थोड्या वेळाने दाराशी येते.

"झालं काय व?"

"नाही अजून, मामी."

"सकाळपासून तं तेच म्हनून राहिली."

तिला काय सांगू? तुमचं शेवटचं रेकॉर्डिंग या कॉम्प्युटरात आहे. फाइल चांगली जाडजूड आहे, म्हणजे आत चित्र आहे, आवाज आहे, सगळं आहे. पण उघडायला गेलं की एक काळी खिडकी येते आणि मिटते. असं का होतंय ते मला माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच डोकं फिरलंय. हे होणार हे मी तुम्हाला सांगितलं होतं. इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी तुम्ही फोनवर वैतागून म्हणालात, "कल्यानी, तू तं मास्तरीनबाईवानी बोलून राहिली आता."

गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलेय. बाहेर जे भेटायला येतात त्यांच्यापुढे मी मान हलवते, "हो, मोठा माणूस होता," म्हणते, आणि आत येऊन तुमच्या फाइलशी भांडते.

त्या भाऊबीजेला तुम्ही अमरावतीला आमच्याकडे आला नसतात तर हे काहीच झालं नसतं. आई आत ओवाळणीचं ताट करत होती आणि मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. कोचिंग क्लासचं काम. सर फळ्यासमोर शिकवतात, मी त्यांचे व्हिडिओ काढते, आणि ते वेबवर चढवायच्या आधी दाबून लहान करते. तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात.

"हे काय करून राहिली?"

"लेक्चर लहान करते."

"काहून? सर लय बोलते का?"

"तसं नाही. तास तेवढाच राहतो. फाइल लहान करायची. तिवस्याच्या, चांदूर रेल्वेच्या पोरांच्या फोनवर अडकत नाही मग."

"अन् लहान केली तं त्यातलं काय जाते?"

"नजरेला कळत नाही ते काढून टाकतो."

"कोनाच्या नजरेले?" तुम्ही विचारलंत.

मी हसले होते. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तुम्ही आयुष्यभर लाल गाडी चालवलीत. अकोला ते अमरावती, मूर्तिजापूर, बडनेरा. मग शुगरने डोळ्यांवर हात टाकला, तपासणीत ते दिसलं, आणि रिटायर व्हायला काही वर्षं असतानाच तुमच्या हातातलं स्टिअरिंग गेलं. डेपोत बसून गाड्यांच्या वेळा सांगायचं काम मिळालं. ते तुम्हाला कधी आवडलं नाही, पण त्याबद्दल तुम्ही कधी बोललाही नाहीत. कॉलेजची तीन वर्षं मी तुमच्याच घरी काढली, तेव्हा तुम्ही गाडीवर होतात. ड्यूटीवरून आल्यावर चहा घेता घेता तुम्ही दिवसभराची गाडी पुन्हा एकदा चालवायचात: कोण कुठे चढलं, कोण कोणाशी भांडलं, कोणाची कोंबडी टोपलीतून सुटून सीटखाली गेली. डेपोत बसायला लागल्यावर मामी म्हणायची, आता चहा पितात अन् गप बसतात.

मग दादाने त्याचा जुना कॉम्प्युटर इथे आणून ठेवला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकून, टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळून दिलं. कुठल्यातरी हौशी पोरांनी त्या गेमसाठी आपल्याकडची लाल गाडी तयार केली होती, अगदी खिडकीच्या दांड्यांपर्यंत. दादाला वाटलं, बापाचा वेळ जाईल. वेळ कसला जातोय? तुम्ही रोज ड्यूटीवर जायला लागलात. आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीवर बसायचात. कॉम्प्युटरला जोडलेला टीव्ही इतका जवळ ओढून घेतला होता की मामी म्हणाली, "आता आतच जाऊन बसा."

गेममधला मुलूख परदेशातला. टेकड्या, उतरत्या छपरांची घरं, टोकदार मनोऱ्याचं चर्च. तुम्ही त्या चर्चच्या गावाला बोरगाव मंजू ठरवलंत आणि पुढच्या पुलाला मूर्तिजापूर. आणि गाडीत न बसलेल्या लोकांशी बोलायला लागलात. "बसा बसा, मांगं जागा हाय. ओ बाई, ते पोतं मंधात नोको ठेवू, लोकं कुठून जातीन?" मामीने ते फोनवर टिपून मला पाठवलं. मी ऑफिसात ऐकलं आणि इतकी हसले की शेजारच्या मुलीने इअरफोन मागितला. मीच तुम्हाला म्हटलं, मामा, हे रेकॉर्ड करा, आपण चॅनेल काढू.

म्हणजे सुरुवात माझी. पण पुढचा सगळा त्रास तुमचा.

पहिली फाइल तुम्ही हार्ड डिस्कवर घेऊन स्वतः अमरावतीला आलात. रस्त्याने धक्का लागू नये म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर ठेवून. मी ती उघडली आणि कपाळाला हात लावला. सगळ्या गोष्टी कमाल पातळीवर लावून तुम्ही रेकॉर्डिंग केलं होतं. एका फेरीने अर्धी डिस्क खाल्ली होती. वर चित्र तुमच्या आवाजाच्या पुढे पळत होतं. गाडी पूल ओलांडून जायची आणि तुम्ही अजून "बोरगाव मंजू आलं, उतरा" म्हणत असायचात. कॉम्प्युटरवर ताण आला की रेकॉर्डिंग मधली मधली चित्रं गाळतं. आवाज मात्र गळत नाही. म्हणून दोघांची चुकामूक.

"मामा, गेम चालू असताना दुसरं काही चालू होतं का?"

"काई नाई."

"खरं सांगा."

"भजन लावलं होतं मांगं. उलसाक."

त्या उलसाक, जराशा भजनाची चुकामूक निस्तरायला माझी अख्खी सुट्टी गेली. आणि फाइल लहान करून तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही चष्मा वर करून, नाक स्क्रीनला लावून म्हणालात, "आरशात काई दिसून नाई राह्यलं."

आठवतं ना? बाजूचा आरसा. रस्त्याकडेची झाडं वेगाने मागे पळतात, त्यांचं पान न् पान बदलत असतं. फाइलची सगळी जागा तीच खाऊन टाकतात. आरसा एवढासा, त्यात मागची वाहनं अजून एवढीशी. दाबल्यावर तिथे नुसता राखाडी चिखल उरला होता. मी म्हटलं, मामा, लोक हे तळहाताएवढ्या फोनवर पाहणार आहेत, आरशात कोण बघतो?

"मी पाह्यतो."

"तुम्ही चालवता म्हणून. ते चालवत नाहीत."

"मंग त्यायले काय दाखवून राहिलो आपन? झाडं?"

मग मी आरशासाठी फाइल मोठी ठेवली. दुसऱ्याच दिवशी तिवस्याच्या एका पोराने खाली लिहिलं, "काका, गाडी सारखी अडकते." तुम्ही त्याला उत्तर काय दिलंत? "रस्ता खराब हाय." मला न विचारता! मी पुन्हा लहान केली, तुम्ही पुन्हा रुसलात. असं किती दिवस चाललं. मी बरोबर होते, मामा. ज्याच्या फोनवर गाडी हलतच नाही, त्याला आरसा स्वच्छ देऊन काय करायचं? हे मी आजही म्हणते. तुम्हीही आजही मान हलवणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपलं हे भांडण तसंच राहिलं, आणि आता एकटीने भांडायला मजा येत नाही.

आणि कापायचं भांडण तर वेगळंच. मधल्या लांब सरळ रस्त्यावर काहीच घडत नाही, तिथे तुम्ही बोलतही नाही, तो भाग मी काढून टाकला. तुमचा फोन आला. "मंधातलं कुरनखेड कुठी गेलं?"

"मामा, तिथे काही होतच नाही."

"होत नाई म्हनून गाडी तेथून जात नाई का?"

तो भाग मी परत घातला. चिडून घातला. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. वेबवर चढवायच्या आधी फाइल पूर्ण पाहावी लागते, कुठे चित्र फाटलंय का ते बघायला. तुमची फाइल मी जेवताना लावायचे. अमरावतीच्या खोलीत मी, ताट आणि तुमचं स्टिअरिंग. बोलायचं थांबलात की इंजिनाची घरघर आणि मधूनच तुमचं खाकरणं. ऑफिसात सरांचा ओरडा खाऊन आलेली असले की तो न घडणारा रस्ता मला बरा वाटायचा. हे सांगितलं असतं तर तुम्ही "पायलं?" म्हणून जिंकला असतात. म्हणून नाही सांगितलं. तुम्हाला जिंकू द्यायला काय जात होतं माझं?

बरं, आता फाइलचं.

रेकॉर्डिंगचे दोन प्रकार, हे मी तुम्हाला मामीच्या समोर, याच टेबलापाशी समजावलं होतं. एमपीफोरमध्ये कुठलं चित्र कुठे ठेवलंय, कुठला आवाज कुठे, याची सगळी नोंद अगदी शेवटी, रेकॉर्डिंग बंद करताना होते. त्याआधी लाइट गेली की संपलं. सगळं आत असून काही सापडत नाही. एमकेव्हीत ती नोंद सोबत सोबत होत जाते. लाइट गेली तरी तिथपर्यंतचं वाचतं. अकोल्यात राहून लाइटचा भरवसा कोण देणार? मी स्वतः एमकेव्ही लावून दिलं. तुम्ही पुढच्याच आठवड्यात ते बदललंत.

"ते तुयं एमकेव्ही मायावाल्या फोनवर चालत नाई."

"मी एका मिनिटात बदलून देते ना, मामा."

"टपरीवर दोस्तायले दाखवाले दर टाइमाले अमरावतीले फोन करू का मी? अन् आजवर गेली का लाइट?"

"जाईल तेव्हा रडाल."

"तवाचं तवा पाहू."

मग आपण काही दिवस बोललो नाही. नंतर बोललो ते आईच्या गुडघ्याबद्दल आणि संत्र्यांबद्दल. मार्केटमधून संत्री आणून ठेवलीत, म्हणालात, कोणी येणारं असलं तर पाठवतो. तुमचं माझं शेवटचं बोलणं संत्र्यांवर झालं.

लाइट गेलीच नाही, मामा. लाइट मामीने बंद केली. दुपारी तुम्ही खोलीतून आलात, दिवाणावर पडलात, म्हणालात गॅस झाला. तिने पाणी दिलं, सोडा दिला. मग तुम्हाला दरदरून घाम सुटला तेव्हा तिने शेजारच्या काकांना हाक मारली, ऑटो आला, आणि घर सोडताना सवयीने तिने बोर्डावरचं मोठं बटन खाली केलं. टीव्ही, कॉम्प्युटर, पंखा, सगळं एकदम. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर पाहता आलं असतं. हे वाक्य डॉक्टर का बोलतात मला माहीत नाही. त्या दिवसापासून मामी ते वाक्य घेऊन बसली आहे. "मी सोडा देल्ला," एवढंच ती सगळ्यांना सांगते. "मले वाटलं गॅस हाय, मी सोडा देल्ला."

म्हणून ती दाराशी येते. तिला पाहायचंय, आत बसून तुम्ही काय करत होतात. तुम्हाला आधीपासून होत होतं का. तिला हाक मारली होती का, जी कुकरच्या शिट्टीत तिला ऐकू आली नाही.

अशी फाइल दुरुस्त करायला त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने रेकॉर्ड केलेली दुसरी चांगली फाइल लागते. तिच्यावरून अंदाज बांधत तुटलेल्या फाइलमधली चित्रं ओळीने लावता येतात. सोपं वाटतं. पण तुम्ही एका पद्धतीने दोन फेऱ्या कधी केल्या होत्या का? प्रत्येक फाइल वेगळी! कधी चित्राचा आकार बदललेला, कधी आवाजाची पद्धत, कधी आणखी काही, जे बदलता येतं हे मलाही माहीत नव्हतं. एकेक जुनी फेरी घेऊन लावत गेले. एकीने हिरवे पट्टे आले. दुसरीने चक्कीत दळण पडल्यासारखा आवाज आला आणि चित्र नाही. तिसरीने अर्धं चर्च उलटं. मी टेबलावर हात आपटला, तेव्हा मामी म्हणाली, "राहू दे पोरी. नसन होत तं राहू दे." आणि गेली नाही. दारातच उभी राहिली.

मग एका कोपऱ्यात एक चिमुकली फाइल दिसली. शेवटच्या फेरीच्या जरा आधीची. त्यात गाडी डेपोत उभी आहे आणि तुम्ही म्हणताय, "हॅलो, हॅलो. चालू झालं का बे? लाल टिपका तं दिसून राह्यला." बस्स, एवढंच. काही बदललं की आधी छोटंसं करून बघा, हेही मीच सांगितलं होतं. एवढं एक ऐकलंत माझं. त्या फाइलवरून तुमची शेवटची फेरी उघडली. कुठे कुठे चौकोन तुटले आहेत, पण उघडली.

मामी माझ्या शेजारी स्टुलावर बसली. पदर तोंडाशी धरला.

नेहमीसारखी फेरी. "बसा बसा, मांगं जागा हाय." बोरगाव मंजू आलं. कोण्या म्हातारीला तुम्ही हळूहळू चढवून घेतलंत. कुठल्या पोराला, दरवाजात लटकू नोको म्हणून झापलंत. मामी हसली. तुमच्या माघारी पहिल्यांदा हसली. मग सरळ रस्ता लागला, आणि त्या रस्त्यावर तुम्ही एक वाक्य अर्ध्यात सोडलंत. "आता पुढं मूर्तिजापूरले जरा..." आणि नाही. नुसता श्वास. माइक जवळ होता, म्हणून स्पष्ट ऐकू येतो. गाडी किंचित मधल्या पट्टीकडे सरकते, सावरते.

तिथे तुम्ही उठायचं होतं, मामा. तिथे हाक मारायची होती.

तुम्ही डावा इंडिकेटर दिला. वेग कमी केला. मागून एक ट्रक येत होता, त्याला पुढे जाऊ दिलंत. बाजूला रुंद जागा येईपर्यंत गाडी तशीच हळूहळू नेलीत. गाडी पूर्ण रस्त्याच्या खाली उतरवलीत, चाक सरळ केलंत, ब्रेक ओढलात, इंजिन बंद केलंत. आणि म्हणालात, "थांबा जरा. पाचक मिनटं. गाडीतच बसा, उतरू नोका कोनी."

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. लांबून मामीचा आवाज, "काहून उठले?" आणि तुमचा, "काई नाई. गॅस झाला वाट्टे. पानी दे."

मामीने माझा हात धरला. "बंद कर."

मी थांबवलं. तिने तोंडावरचा पदर काढला. मला वाटलं रडेल. ती उसळलीच.

"गाडी लावत बसले! जीव चालला अन् गाडी लावत बसले! मले पहिले हाक माराची का नाई?"

"हो ना, मामी."

"कोन होतं त्या गाडीत? सांग तू. कोन होतं?"

"कोणीच नव्हतं."

"मंग?"

मी काय सांगू तिला? तुम्हीच सांगा. गाडीत कुणीच नव्हतं, मामा. ती म्हातारी नव्हती, ते लटकणारं पोर नव्हतं. ट्रक खोटा, रस्ता खोटा. मधोमध सोडून उठला असतात तर कोणाचा केसही वाकडा होणार नव्हता. तो वेळ फार नव्हता, हे मलाही कळतं. त्याने काही फरक पडला असता का, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण तो तुमचा वेळ होता, मामीचा होता, आणि तुम्ही तो रिकाम्या सीटांना देऊन टाकलात. मला याचा राग आला आहे आणि तो उतरत नाही. आणि याच गोष्टीने मला रडूही येतं. शाळा-कॉलेजच्या वयात मी तुमच्या गाडीतून कितीदा अमरावतीला गेले, खिडकीला डोकं लावून बिनधास्त झोपून. बडनेरा येईपर्यंत जाग यायची नाही. तुमच्या मागे बसून लोक असेच झोपत होते, वर्षानुवर्षं. त्यातल्या एकानेही कधी विचार केला नसेल की पुढे बसलेल्या माणसाला काही झालं तर आपलं काय होईल. आता मला माहीत आहे काय झालं असतं.

मामी शांत झाल्यावर म्हणाली, "म्हंजे मले हाक मारली नव्हती."

"नाही. त्याआधी नाही मारली. आणि तू लगेच आलीस, ऐकलंस ना? मामा उठले तशीच तू बोललीस."

"हाव." ती पदराने स्टूल पुसायला लागली, ज्यावर ती स्वतःच बसली होती. "म्हंजे मले आयकू नाई आलं, असं नाई."

"नाही."

सोड्याचं ती आज बोलली नाही. उद्या बोलेल कदाचित.

चॅनेलवर लोक विचारतायत. काका, नवी फेरी कधी? काका, तब्येत बरी आहे ना? मी कोणाला काही लिहिलं नव्हतं. मामीला विचारलं, "हे टाकू का?" ती म्हणाली, "गाडी उभी केली तथलोक टाक. पुढचं घरातलं हाय." आणि वर, "मले सगळं दे. मायावाल्या फोनवर."

म्हणून मी दोन फाइली करायला घेतल्या. एक वेबसाठी, गाडी बंद होईपर्यंतची. एक मामीसाठी, बटन खाली पडेपर्यंतची. मामीचा फोन जुना, म्हणून तिची चांगलीच दाबायला हवी होती.

तिची फाइल लावून मी पडद्याकडे बघत बसले. फेरीचा भाग रडतखडत चालला होता. चढ, वळण, पूल, झाडं. एकेक टक्का पुढे सरकायला जीव खात होता. जिथे चित्र बदलतं तिथेच मशीनला काम असतं. जिथे काही बदलत नाही तिथे ते म्हणतं, मागचंच चित्र अजून आहे, आणि पुढे निघून जातं. तुम्ही इंजिन बंद केलंत तिथे पोचलं आणि टक्के धावायला लागले. उभी गाडी, उभा रस्ता, समोरची न हलणारी टेकडी. त्या चित्राच्या मागे तुमचं पाणी मागणं आहे, मामीचा सोडा आहे, शेजारच्या काकांना मारलेली हाक आहे, ऑटो आहे. आपल्या घरात जे काही घडलं ते सगळं त्या भागात आहे. मशीनला तिथे करण्यासारखं काहीच सापडलं नाही. मी हात पुढे केला, कशासाठी ते माहीत नाही, आणि तेवढ्यात झालं.

फाइल मामीच्या फोनवर पाठवली. तिने चष्मा लावून पाहिलं.

"एवढी उलसीक? सगळं आलं ना त्यात?"

"आलं, मामी. सगळं आलं."